वीतभर माशाचे काटे

आमचे लातूरचे शेजारी करीममामू कुठलंही जाळं दिसलं की खिशातून काडेपेटी काढायचे आणि जाळ्याच्या एका भोकातून घालून बघायचे. आरपार गेली तर जाळं कायदेशीर, अडकली तर बेकायदा. कांद्याची पिशवी, एका क्लासच्या अंगणातलं बॅडमिंटनचं नेट, आमच्या खिडकीची मच्छरजाळी, सगळ्यांची तपासणी झाली होती. मच्छरजाळीवरून तर ते माझ्यावर खरोखर चिडले. "यातून एक पिल्लू सुटायचं न्हाई," म्हणाले. खिडकीत मासे येत नाहीत, हे सांगून उपयोग झाला नाही.

मामू औशाच्या वाटेवरच्या एका लहानशा तलावावरच्या मच्छीमार संस्थेचे सचिव होते. सरकारी खात्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला ते एकदा जाऊन आले होते. तिथून आणलेले शब्द ते शिव्यांसारखे वापरत. रिक्षात सातवा माणूस कोंबला की "बेसुमार मासेमारी!" असं ओरडून ते खाली उतरत. क्लासवाल्यांनी आठवीतल्या मुलांची नावं नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा मामू गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि गरजले, "आकाराच्या आतली मासळी उचलून राहिले! शरम हाय का?" क्लासचा शिपाई हसला. मामूंनी त्यालाही सुनावलं. "तुम्हाला काय पडलंय?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे: "तळ्याला तोंड न्हाई, म्हणून मी बोलून राहिलो."

भूकंपाला तेव्हा काही वर्षं उलटली होती. ज्या लातूरचं नाव लोक दबक्या आवाजात घेत, तिथं आता बाप लोक पोरांना शिकायला पत्र्याच्या पेटीसह सोडून जात होते. घराघरात खोल्या भाड्यानं गेल्या, गल्लीगल्लीत खानावळी उघडल्या. त्यातल्या एका खानावळीचा मालक बालाजी. त्यानं दारावर पाटी लावली: "दर बुधवारी मासे. बुद्धी तल्लख." तुकडे वाढले की एकाला डोकं, दुसऱ्याला शेपूट येते आणि भांडणं होतात, म्हणून बालाजीला प्रत्येक ताटात अख्खा मासा हवा होता. ताटात मावेल असा, म्हणजे वीतभर.

ही मागणी घेऊन संस्थेचे चेअरमन व्यंकटराव यांनी तलावाच्या बांधावर बैठक बोलावली. मी पेपरात काम करायचो; बातमी होईल म्हणून मामू मला घेऊन गेले.

"मामू, लेकरांच्या शिक्षणाचं काम हाय," व्यंकटराव म्हणाले.

"आन् ही लेकरं न्हाईत?" मामूंनी पाण्याकडे हात केला. "गेल्या पावसाळ्यात बोटाएवढी सोडली. आत्ता कुठं वीतभर झाली. थांबलास तर एकेक कटला मासा किलोचा होईल."

"तवर बालाजी थांबंल का?"

"न्हाई थांबला तर न्हाई! आषाढ लागला. मोठ्या मासळीच्या पोटात गाभोळी हाय. बंदीकाळ हाय. बंदीकाळ म्हणजे काय, व्यंकटराव? सांग की, चेअरमन हायेस ना?"

"तुमच्या काडेपेटीची सुट्टी," मागून कुणीतरी बोललं. बैठक हसली. मामू हसणाऱ्याच्या अंगावर धावून गेले. दोघांनी धरून त्यांना खाली बसवलं. मग हात वर झाले. मामूंचा सोडून सगळ्यांचे. बारीक भोकांचं जाळं पाण्यात घालायचं ठरलं.

परतीच्या एसटीत मामू तलावापासून लातूरपर्यंत बोलत होते. बेअक्कल, बेइमान, आपल्याच तळ्याचे चोर. लातूर आलं तसा आवाज जरा खाली आला. "एक गोष्ट त्यांना कळली न्हाई, पेपरवाले. वीतभर कटल्यात मांसापेक्षा काटा जास्त. बारीक, दोन टोकांचा. पोरं दोन बुधवार थुंकतील, तिसऱ्या बुधवारी बालाजी ऑर्डर बंद करंल. तळं वाचंल." आता सगळा भरवसा काट्यांवर होता.

पहिल्या बुधवारी मामू स्वतः खानावळीत गेले, गंमत बघायला. दुसऱ्याही बुधवारी गेले. तिसरा बुधवार उलटला, चौथा आला, तरी ऑर्डर बंद झाली नाही. त्या सकाळी मला बाजारात व्यंकटराव भेटले. ते पोट धरून हसत होते. "तुमच्या मामूनंच वाचवली की आमची ऑर्डर!"

मी त्याच दुपारी खानावळीत गेलो. लांब बाकड्यांवर मुलं-मुली जेवत होत्या. टोकाला मामू बसले होते. समोर ताटांची रांग. ते एकेका माशाची पाठ अंगठ्यानं दाबत, मांस अलगद मोकळं करत, मग बोटांच्या टोकांनी चाचपून काटे वेचत आणि ताट परत सरकवत. पहिल्या बुधवारी एका मुलीच्या घशात काटा अडकला होता. मामूंनी तिला भाताचा सुका गोळा गिळायला लावला, काटा उतरला, आणि तेव्हापासून ते तिथंच बसत होते.

"मामू," मी म्हटलं, "तुम्ही हात थांबवलात तर ऑर्डर बंद पडेल."

"ठाऊक हाय."

"मग?"

ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की वाढपी थांबला. "मग काय करू? कुणाच्या घशात काटा अडकतो म्हणून वाट बघत बसू?"

ऑर्डर दिवाळीपर्यंत चालली. पुढच्या उन्हाळ्यात संस्थेनं तलावात जाळं ओढलं, तेव्हा शेवाळ आणि चिखल वर आला. व्यंकटरावांनी त्याला कमी पावसाचं कारण दिलं. मामूंनी राजीनामा दिला, तो कुणी वाचलाही नाही.

गल्लीत सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट मी खानावळीतल्या त्या दुपारी पहिल्यांदा नीट लक्षात घेतली. भूकंपानंतर मामूंची बायको या जमिनीवर भरवसा नाही म्हणून दोन्ही मुलं घेऊन निजामाबादला भावाकडे निघून गेली होती. मामू तळं सोडून गेले नाहीत. ती परत आली नाही. मुलं आता त्या बाकड्यावरच्या मुलांएवढी झाली असतील.

मामूंच्या शेजारी लोह्याहून आलेली एक मुलगी जेवत होती. ती म्हणाली, "आमचे पप्पा पण असंच काढून देतात."

मामूंची बोटं माशात क्षणभर थांबली.

"जेवताना बोलू नको," ते तिच्यावर खेकसले. "बघून खा." आणि त्यांनी पुढचं ताट ओढलं.