वांग्याचे तीन पर्याय

१९९१च्या हिवाळ्यात जळगावच्या एका कॉलेजचे प्राचार्य भाईदास चौधरी अहमदाबादेला जाऊन आले. तिथे डिझाइनची मुलं काखेत भलीमोठी काळी फाइल मारून हिंडताना त्यांनी पाहिली. या फाइलला पोर्टफोलिओ म्हणतात हे कळल्यावर, आपलं संशोधन इतकी वर्षं मागे का पडलं, हेही त्यांच्या ध्यानात आलं. लगेच परिपत्रक निघालं: सर्व विषयांच्या संशोधकांनी समितीपुढे डिझाइन पोर्टफोलिओ सादर करावा. प्रत्येक कल्पनेचे तीन पर्याय असावेत. अन्यथा संशोधन बंद समजण्यात येईल.

गणिताच्या लिलाबाईंनी एक सुबक शून्य काढून दिलं. ‘शून्याचे आणखी दोन पर्याय द्यावेत’, असा शेरा आला. इतिहासवाल्यांनी पानिपतचा निकाल तीन प्रकारे लावला. दुसऱ्या पर्यायात आपण जिंकलो म्हणून समितीने टाळ्या वाजवल्या.

पंचाईत झाली ती वनस्पतिशास्त्राच्या हिलालची. गावाकडेच्या मेहरूणला कॉलेजच्या जमिनीच्या तुकड्यात चार वर्षं राबून त्याने मर रोगाला दाद न देणारं भरताचं वांगं तयार केलं होतं. बियाण्यासाठी राखलेली तेवढीच वांगी आता झाडांवर उरली होती. तो विभागप्रमुख चुडामण नानांकडे गेला.

“नाना, मना वांगास्ले मर लागत नही. आखो काय दखाडू?”

“ते बठ्ठं खरं शे, भाऊ. पन पर्याय कोठे शे?”

झाडं रामभरोसे सोडून हिलाल रंग कालवत बसला. लांब वांगं काढलं, गोल काढलं. तिसरं सुचेना, तेव्हा चौकोनी काढलं.

समिती बेहद्द खूश झाली. चौकोनी वांगं खोक्यात नीट बसेल, अशी प्राचार्यांनी खास नोंद केली. संशोधन मंजूर! आता एवढ्या आनंदात भरीत पार्टी नाही म्हणजे खानदेशाची अब्रूच गेली. हिलाल मंजुरीचा कागद आणायला ऑफिसात थांबला, समिती नानांना घेऊन पुढे गेली. तो मेहरूणला पोचला तेव्हा कपाशीच्या काड्यांचा जाळ बसत आला होता आणि नाना वांगी सोलत होते.

“नाना, ते बियानं व्हतं!” हिलालला रडूच फुटलं.

“रडू नको. पोर्टफोलिओ शाबूत शे ना?” नानांनी त्याच्यापुढे पत्रावळ सरकवली.

हिलाल जेवला नाही. वाईट झालं, असं तुम्हालाही मनापासून वाटलं असेल. पण तुमच्या ओठांवर आलेला प्रश्न बियाण्याचा नाही, हे मला माहीत आहे. सांगतो. भरीत फक्कड झालं होतं. तसं पुन्हा मिळायचं नाही.