डोळे उन्हात दाखवा

शिरूर कासारात रशीदभाईच्या गॅरेजात पंक्चर काढायचं असेल तर आधी डोळे दाखवावे लागतात. हा बाबा गाडीकडं ढुंकूनही बघत नाही. काळ्या बोटांनी तुमचं मनगट धरतो, फरफटत भर उन्हात नेतो, अंगठ्यानं खालची पापणी ओढतो आणि निरखत उभा राहतो. "साफ हाय," म्हणाला की मगच पान्याला हात. तुम्ही मात्र डोळ्याखाली ऑइलचा ठसा घेऊन दिवसभर गावात हिंडायचं.

बरं, गॅरेजपुरतं असतं तरी चाललं असतं! आमच्या गल्लीत हळदीला आला आणि नवरदेवाला बघून ओरडला, "अरे बे, पोरगं पिवळं हाय! लिव्हर गेलं!" वरमाईनं भोकाड पसरलं. नवरदेवाचं तोंड धुऊन, पापण्या ओढून "साफ हाय" होईपर्यंत बँडवाले ताटकळले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण गॅरेजात रशीदभाईच माझी शिकवणी घ्यायचा. "तापाची गोळी वाईट न्हाई, मास्तर. लिव्हर तिची मोडतोड करतं. बहुतेक माल गुमान भायेर जातो, पण थोडी इखारी काजळी निघती. ती पुसायला लिव्हरकडं चिंध्या असत्यात, पण मोजक्याच. चिंध्या संपल्या की काजळी लिव्हरलाच खाती." ऊसतोडीला निघालेल्यांच्या गाड्या दुरुस्त करतानाही हेच प्रवचन. अंगदुखीची गोळी आणि वर दारू म्हटलं की गडी पानाच आपटायचा. "दारू काजळी वाढवती, अन् चिंध्याबी पळवती!"

मी आपला मान डोलवायचो. मनात म्हणायचो, डोकं फिरलंय बिचाऱ्याचं.

गेल्या महिन्यात माझी दाढ ठणकत होती, त्यात ताप. ब्रेक दाखवायला गेलो आणि खिशातनं रुमाल काढताना गोळ्यांची दोन पाकिटं खाली पडली.

"ह्या दोन कावून?"

"एक तापाची, एक दाढेची. चार दिवस झाले, दोन्ही घेतोय."

"मागचं बारीक अक्षर वाचा."

वाचलं. दोन्हींवर पॅरासिटामॉल. नावं वेगळी, रंग वेगळे, आतला माल एकच! विज्ञानाच्या मास्तराची कानशिलं अशी तापली की काय सांगू.

रशीदभाई हसला नाही. मला उन्हात ओढून त्यानं घाईघाईनं पापणी खाली केली. "साफ हाय. पण डोळं उशिरा बोलत्यात. चला दवाखान्यात, रगत तपासू." गॅरेज तसंच उघडं टाकून त्यानं मला गाडीवर बसवलं आणि रिपोर्ट येईपर्यंत बाकावरून हलला नाही. लिव्हर ठीक निघालं. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली.

परत आल्यावर मला जरा चेव आला. म्हटलं, "रशीदभाई, गॅरेजात एवढ्या पांढऱ्या उजेडाची ट्यूबलाइट आहे, मग दरवेळी लोकांना उन्हात कशाला भाजता?"

तो चिंधीनं हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

त्याची बायको शमीमभाभी गेली त्याला सहा वर्षं झाली. गावाला एवढंच ठाऊक होतं की काविळीनं गेली.

"तापाची गोळी मीच आणलती, मास्तर. अंगदुखीचीबी मीच. दोन दुकानांतनं. तिला अन्न जात नव्हतं, तरी मी टायमाला आठवण करून खायला लावायचो. एक दिवस म्हणली, 'जरा आँखां देखो जी, पिवळ्या दिसत्यात का?' घरात पिवळा बल्ब होता. त्याच्याखाली समदंच पिवळं दिसायचं. मी बघितलं अन् म्हणलो, 'कुछ नहीं, सो जा.'"

  

मी त्याचं मनगट धरलं, त्याला उन्हात नेलं आणि स्वतःच्या बोटानं माझी पापणी खाली ओढली.

"नीट बघा रशीदभाई," म्हटलं. "मघाशी घाईत बघितलंत."