लाल मारा, हिरवे सोडा

लाल विमान मारायचं आणि हिरवं सोडायचं, हा नियम ज्या कोणी केला त्याने तो खुर्चीत बसून, दुसऱ्या कोणालाही न विचारता केला. आपल्याला जे दिसतं ते सगळ्या जगाला दिसतं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. तो जपानात असो की अमेरिकेत, त्याने नागपूरच्या महाल वस्तीत एका भल्या माणसाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडायला आणलं. त्याच्या तोंडावर हे सांगायला कोणी जात नाही, म्हणून इथे लिहावं लागतं.

भला माणूस म्हणजे कृष्णकांत. उमरेडच्या हायस्कुलात गणित शिकवायचा. अंगाने धड, बोलायला सरळ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. खोट एकच. जन्मापासून त्याला लाल आणि हिरवा सारखेच दिसत, दोन्ही गढूळ चहासारखे. शाळेत त्याने लाल शाईच्या दौतीला सुतळी बांधून ठेवली होती. कारण एकदा त्याने हेडमास्तरांच्या हिरव्या शाईने पेपर तपासले आणि हेडमास्तरांना वाटलं, याचा आपल्या खुर्चीवर डोळा आहे. रेल्वेची नोकरी यातच गेली. डॉक्टरने ठिपक्यांचं चित्र पुढे धरून "आकडा सांगा" म्हटलं. कृष्णकांतने विचारलं, "आधी आकडा कुठी हाय ते तुम्ही सांगा."

हे गुपित फक्त त्याची मोठी बहीण शोभाताई जाणत होती. त्याचे कपडे तीच निवडायची. लग्नाचं जमलं तेव्हा तो म्हणाला, "सांगून टाकू काय वं?" तर तिने त्याला गप्प केलं. "काहून सांगतं? पोरीले तुह्यासंग राहायचं हाय, सिग्नलसंग नाही."

मुलगी चारुशीला. महालातले संत्र्याचे अडते भैयाजी, त्यांची लेक. पाहायला गेला तेव्हा दोघांना बोलायला मोजून एक घटका मिळाली. काय बोलावं सुचेना, म्हणून कृष्णकांत म्हणाला, "ही लाल साडी तुम्हाले चांगली दिसते." चारुशीलाने आधी साडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पदर तोंडाला लावून हसली. लाजली, असं त्याला वाटलं. त्या हसण्यावर तो पुढचा सगळा महिना जगला. वर्गात फळ्यावर समीकरण अर्धं सोडून खिडकीबाहेर पाहू लागला. ही मुलगी मिळाली नसती तर त्याने दुसरी पाहिली नसती, एवढं त्याचं पक्कं झालं होतं.

भैयाजींची संत्रा मार्केटमध्ये दोन गोष्टींसाठी ख्याती होती. एक, फळावर अंगठा दाबला की आतली फोड आंबट की गोड ते सांगत. दुसरी, बायकोला सोबत घेतल्याशिवाय ते लिलावाला जात नसत. कोण्या अडत्याची बायको मार्केटात बसत नाही, यांची बसे. जिजाबाई तोंडाने काही बोलत नसत, नुसत्या हातातल्या बांगड्या मागेपुढे करत, किणकिण वाजवत बसत. कोणी म्हणे प्रेम आहे, कोणी म्हणे नोकरांवर विश्वास नाही.

साक्षगंधाच्या दिवशी उमरेडची मंडळी वेळेवर आली आणि भटजी आले नाहीत. ते इतवारीतल्या दुसऱ्या साक्षगंधात अडकले होते. पंगत विधीनंतर. गप्पा पहिल्या अर्ध्या तासात संपल्या. ऊन मार्चचं. अशा वेळी भैयाजींच्या मुलाला, ओमप्रकाशला, पाहुण्यांची करमणूक करायची बुद्धी झाली.

त्याने आठवड्यापूर्वीच रंगीत टीव्ही घरात आणला होता. भैयाजी त्यावरून अजून धुसफुसत होते. "काळापांढरा काय वाईट होता गा? मले तं काही खास फरक दिसत नाही." सगळे हसले. म्हातारा चिक्कू आहे, असं घरात आधीपासूनच ठरलेलं होतं. टीव्हीबरोबर ओमप्रकाशने मस्कतहून आलेल्या मित्राकडून व्हिडिओ गेमचं एक यंत्रही घेतलं होतं. काळी पेटी, तिला दांडी, दांडीवर बटन.

"जवाईबापू, या. तुमच्यासाठी नवी कॅसेट लावून राहिलो," ओमप्रकाश म्हणाला.

"मले हे येत नाही," कृष्णकांत म्हणाला. "तुम्ही खेळा, मी पाहतो."

"येत नाही काय म्हणता? गणिताचे मास्तर तुम्ही. एकदम सोपं हाय. वरून विमानं येतात. लाल ते दुश्मनाचे, मारायचे. हिरवे आपले, सोडायचे. बस."

कृष्णकांतने शोभाताईकडे पाहिलं. शोभाताईने छताकडे पाहिलं. ओमप्रकाशने दांडी त्याच्या हातात कोंबली.

वरून विमानं आली. सगळी एका आकाराची, एका चालीची, आणि कृष्णकांतच्या दृष्टीने एका रंगाची. त्याने पहिलं पाडलं. पेटीने रडका सूर काढला.

"आपलंच पाडलं तुम्ही," ओमप्रकाश म्हणाला. "हिरवं होतं."

त्याने दुसरं सोडलं. त्या दुसऱ्याने याचं विमान उडवलं. पेटी पुन्हा रडली. मग त्याने गणित लावलं. एक सोडून एक मारायचं, निदान निम्मी तरी बरोबर येतील. पण करणाऱ्याने तीही सोय ठेवली नव्हती. विमानं मनाला येईल तशी येत होती. पेटी रडत राहिली. तो सूर ऐकून स्वयंपाकघरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे चारुशीला होती. कृष्णकांतने तिच्यासमोर आपल्याच फौजेची सहा विमानं पाडली.

भैयाजींचे थोरले भाऊ नानाजी आरामखुर्चीतून उठून टीव्हीजवळ आले. "काय हो मास्तर, दुश्मनाकडून पगार घेता काय?"

लोक हसले. शोभाताईला ते लागलं. ती पटकन बोलून गेली, "तसं नाही जी, त्यानं चष्मा नाही आणला आज."

"चष्मा?" नानाजी वळले. "चष्म्याचं तं कोणी बोललं नव्हतं. किती नंबर हाय?"

"नंबर नाही," कृष्णकांत म्हणाला. "मले चष्माच नाही."

"बहीण म्हणते हाय, भाऊ म्हणते नाही." नानाजींनी भैयाजींकडे पाहिलं. मग त्यांनी वाकून कृष्णकांतच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि जोरात हुंगलं. "घेतलेली तं नाही वाटत."

पाहुण्याच्या तोंडाचा वास घेणं ही महालातली रीत नाही. पण एका पेटीपायी तिथवर मजल गेली. शोभाताईचा चेहरा उतरला.

ओमप्रकाशला वाईट वाटलं. मनाचा तो चांगला होता, आणि चांगल्या मनाच्या माणसांनीच त्या दिवशी जास्त नुकसान केलं. "कॅसेट बदलतो," तो म्हणाला. "हे पाहा, बागेचा खेळ. झाडावरून सफरचंद पडतात. लाल टोपलीत झेलायचं, हिरवं नाही झेलायचं."

टोपली हिरव्या सफरचंदांनी भरली. पेटीने वेगळा सूर काढला, आधीच्यापेक्षा अपमानकारक. पुढची कॅसेट सापाची. लाल किडा खायचा, हिरवा विषारी. साप पहिल्याच घासाला मेला. त्यापुढची मोटारींची. तीत मोटार नीट चालली, पण कुठे थांबायचं आणि कुठे निघायचं ते सांगायला दिवा होता, आणि दिव्याचे रंग कोणते ते सांगायची गरज नाही. जगात पिवळा आहे, निळा आहे, पांढरा आहे, चौकोन आहे, गोल आहे, त्रिकोण आहे. एका विमानाला शेपूट लावायला किती खर्च आला असता? पण या कारागिरांना दोनच रंग आठवत होते.

शेवटी एक जुनी कॅसेट निघाली. काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका, दोन्हीकडे दोन पांढऱ्या फळ्या, ठिपका परतवायचा. कृष्णकांतने दांडी धरली आणि ओमप्रकाशला एकही गुण दिला नाही. तीन डाव सरळ जिंकले. चौथ्याला त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. दारातली चारुशीलाही हसली.

"याच्यात मजा नाही," ओमप्रकाश म्हणाला आणि कॅसेट उपटली. मग तो उपटलेली कॅसेट हातात धरून तसाच थांबला. डोकं त्याला होतं. "जवाईबापू, तुम्हाले लाल अन् हिरवं वेगळं दिसत नाही काय?"

शोभाताईने भावाकडे पाहून बारीक मान हलवली, की नाही म्हण. पण कृष्णकांत आता पुरता विटला होता. सुतळी बांधायला विटला होता, चष्म्याला विटला होता, हुंगून घ्यायला विटला होता.

"नाही दिसत," तो म्हणाला. "जन्मापासून नाही दिसत. बाकी सगळं दिसते."

भैयाजी इतका वेळ पान लावत होते. त्यांनी पान खाली ठेवलं. "अन् हे आमच्यापासून लपवलं? माझा धंदा संत्र्याचा हाय. हिरवं कोणतं, पिकलं कोणतं, याच्यावर माझं घर उभं हाय. असा जवाई केला तं मार्केट तोंडावर हसन माझ्या."

"मी संत्री विकत नाही जी, गणित शिकवतो."

"नजरेची खोट ते खोट. ओम, ते टोपलं आण."

सकाळीच बागेतून आलेलं, अजून न निवडलेलं टोपलं ओसरीवरून आत आलं. काही फळं पिकलेली, काही हिरवीगार. भैयाजींनी ते कृष्णकांतच्या पुढ्यात सरकवलं. "काढा यातलं पिकलेलं."

कृष्णकांतने एक फळ उचललं. "दाबून पाहू काय?"

"दाबायचं नाही. नजरेची परीक्षा हाय, अंगठ्याची नाही. नुसतं पाहून सांगा."

"मग नाही येत," कृष्णकांत म्हणाला आणि फळ परत ठेवलं.

"पाहा नानाजी. पाहून घ्या सगळे." भैयाजींचा आवाज चढला. त्यांनी टोपल्यात हात घातला. अंगठा फळावर गेला, पण सगळे बघत होते आणि नियम आत्ताच त्यांनी स्वतः केला होता. अंगठा बाजूला झाला. त्यांनी एक संत्रं वर धरलं. "हे पाहा. याले म्हणतात पिकलं. आंधळ्यालेही दिसन."

बोलता बोलता त्यांची नजर, सवयीने, जिजाबाईंकडे गेली. जिजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी उजव्या हाताने डाव्या मनगटातल्या बांगड्या घट्ट धरून ठेवल्या होत्या. एकही वाजत नव्हती.

नानाजींनी भावाच्या हातातलं फळ घेतलं. उलटसुलट केलं. "भैया, हे तं पानासारखं हिरवं हाय."

"हिरवं कसं असन?"

"दगड हाय हा. माकडही खाणार नाही."

ओमप्रकाशने रंगीत टीव्हीकडे पाहिलं, मग बापाकडे. काळापांढरा काय वाईट होता, हे आठवडाभर ऐकलेलं त्याला आत्ता कुठे ऐकू आलं. पण चारुशीलाला काहीच नवल वाटलं नव्हतं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ती कृष्णकांतकडे न पाहता म्हणाली. "हिरव्या साडीले लाल म्हणाले. बाबाही तसेच म्हणतात. मले वाटलं, चला, घरच्यासारखं हाय."

कृष्णकांतला महिनाभराचं ते हसू आठवलं. ते लाजणं नव्हतं. त्याला ते आता जास्त आवडलं.

"चूप वं तू," भैयाजी म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

बाहेर फाटकाची कडी वाजली. भटजी आले होते, घाम पुसत, मुहूर्त निघून चालला म्हणत. कोणी त्यांना आत या म्हटलं नाही. जिजाबाई पुढे आल्या. मार्केटात इतकी वर्षं बसून ज्या बाईचा आवाज कोणी ऐकला नव्हता, ती टोपल्यापाशी खाली बसली. त्यांनी दोन संत्री काढली, एक या हातात, एक त्या हातात, आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"लग्न झाल्यापासून मी बांगड्या वाजवून राहिली," त्या म्हणाल्या. "एकदा वाजली की हिरवं, दोनदा वाजली की पिकलं. किती फुटल्या, किती भरल्या, कधी बोलली नाही. माझ्या बापानं तुम्हाले टोपलं नाही दाखवलं, पोरगी दिली. आज बांगडी वाजणार नाही. अंगठा लावायचा नाही. नुसतं पाहून सांगा, याच्यातलं पिकलं कोणतं? सांगता, की भटजीले आत बोलावू?"