सुखदाच्या लग्नाचे छत्तीस पुरावे

राजाजीनगरच्या वासुदेवरावांनी आयुष्यात स्वतःहून घेतलेले निर्णय एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला एकही त्यांच्या पत्नीला, श्यामलाबाईंना, आजवर पसंत पडलेला नाही. पंचाण्णव सालच्या मे महिन्यात त्यांनी आणखी एक घेतला. धाकट्या मेहुणीच्या लग्नाचे फोटो आपणच काढायचे.

"घरचा माणूस असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला?" बसवनगुडीत सासऱ्यांच्या हॉलमध्ये बसून ते म्हणाले.

सासरे, म्हणजे अण्णा, क्षणभर पंख्याकडे बघत राहिले. थोरल्या जावयाला नाही म्हणण्याची त्या घरात कुणाची छाती नव्हती. "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढंच ते म्हणाले आणि ठरवलेल्या फोटोग्राफरला त्यांनी नको म्हणून कळवलं. व्हिडिओवाला तेवढा राहिला.

घरी येताना श्यामलाबाई स्कूटरवर मागून कानात ओरडत होत्या. "अहो, हे काय बारशाचे फोटो आहेत का? सुखदाच्या व्हिसाला लागणारेत ते!"

हे खरंच होतं. नवरदेव सुशांत मूळचा पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरच्या कंपनीत. लग्नानंतर पंधराव्या दिवशी त्याचं अमेरिकेचं विमान होतं. सुखदाला बायको म्हणून सोबत जायचं तर आधी मद्रासला वकिलातीत जाऊन लग्न खरोखर झाल्याचं दाखवायचं, म्हणजे सर्टिफिकेट आणि लग्नाचे फोटो. त्यात काही गडबड झाली तर नवरा तिकडे आणि नवरी इकडे, किती महिने कोण जाणे.

वासुदेवरावांचा कॅमेरा रशियन होता. ते विमानाच्या कारखान्यात कारकून. तिथे आलेल्या एका रशियन इंजिनिअरनं मायदेशी परतताना तो त्यांना दिला होता. कॅमेरा उत्तम चालायचा. (वासुदेवराव चालवत नसत तेव्हा तर फारच.) पण स्टेजवर व्हिडिओवाला ठाण मांडून बसणार, आपल्याला लांबूनच काढावे लागणार, हे ओळखून ते रविवारच्या जुन्या बाजारात मानसिंगकडे गेले आणि चाळीस वर्षांपूर्वीची, वीतभर लांब दुर्बिणीसारखी लेन्स निवडली.

"साब, लेन्स अच्छी है," मानसिंग म्हणाला, "लेकिन इसका ऊपर बैठनेवाला, देखने का अलग फाइंडर आता है. वो मेरे पास नहीं है."

"नहीं तो नहीं. कॅमेरा में देखने का भोक है ना," वासुदेवराव म्हणाले.

"अरे साब, उस भोक से तो..."

पण तोवर साहेब वळून चालायलाही लागले होते. शिकवणारी माणसं त्यांना घरात पुरेशी होती.

लेन्स लावल्यावर एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आली. भोकातून माणसं होती तेवढीच दिसत होती, तसूभरही मोठी नाहीत. मोठं व्हायचं काम आत फिल्मवर होत असणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

लग्नाच्या दिवशी ते हॉलच्या मधोमध खुर्चीवर उभे राहिले. कुणीही आपापला कॅमेरा आणू नये, फ्लॅशमुळे घोटाळा होतो, असा निरोप त्यांनी पाहुण्यांना आधीच धाडला होता.

"श्यामला, तुझ्या यजमानांना म्हणावं स्वल्प जवळ या!" नवरीचे जयतीर्थमामा स्टेजवरून श्यामलाबाईंना ओरडले.

"जवळ आलो तर लेन्सला दिसत नाही!" खुर्चीवरून उत्तर गेलं.

"मामा, तुम्ही अंतरपाट धरा. त्यांच्या नादी लागू नका," श्यामलाबाई म्हणाल्या.

वासुदेवरावांनी प्रत्येक फोटो जुळवून काढला. डावीकडे नवरी, उजवीकडे नवरदेव, डोक्यापासून पायापर्यंत दोघं आत, मध्ये ऐसपैस जागा. छत्तीसच्या छत्तीस.

धुऊन आलेले फोटो अण्णांच्या जेवणाच्या टेबलावर मांडले गेले आणि सगळे त्यांत नवरा-नवरीला शोधू लागले.

त्या जातीच्या कॅमेऱ्यात आपण बघतो एका खिडकीतून आणि फोटो निघतो लेन्समधून. लेन्स कितीही लांबची लावा, खिडकीतलं दृश्य बदलत नाही. वासुदेवरावांना अख्खं स्टेज दिसत होतं आणि लेन्स त्यातला मधला सातवा हिस्सा तेवढा उचलत होती. त्यामुळे अंतरपाटाच्या सहा फोटोंत जयतीर्थमामांची उघडी पाठ होती, तीळ मोजता येतील इतकी स्वच्छ. वरमाला घालताना दोन हारांची टोकं आणि त्यांच्यामध्ये गुरुजींचं पोट. सप्तपदीला पायाचा एक अंगठा होता. (कुणाचा, यावर घरात अजून एकमत नाही.) बाकी सगळीकडे गुरुजी. मंत्र म्हणताना, नाक पुसताना, केळं सोलताना.

"सुखदा कुठाय?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"ही बघ. ही बांगडी तिचीच."

"अय्यो, भावोजी!" सुखदा रडवेली होऊन म्हणाली, "ह्या फोटोंत माझं लग्न गुरुजींशी लागलंय!"

वासुदेवरावांना खरोखर वाईट वाटलं. त्यांच्या लग्नात ही पोर नऊ वर्षांची होती, दिवसभर त्यांचं बोट सोडायला तयार नव्हती. आणि आपण तिचा संसार असा अडकवून ठेवला.

"सगळ्यांनी पुन्हा लग्नाचे कपडे घातले तर अर्ध्या तासात..." त्यांनी सुचवलं.

"लग्न एकदाच लागतं, वासुदेवराव," अण्णा म्हणाले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

व्हिडिओवाल्यानं टेप द्यायला महिना सांगितला. वकिलातीची तारीख तर गुरुवारची होती. शेवटी तोच गठ्ठा घेऊन सुखदा-सुशांत मद्रासला गेले.

गुरुवारी सगळे अण्णांच्या फोनभोवती बसून होते. वासुदेवराव जरा लांब, दाराशी. दुपारी रिंग वाजली तशी श्यामलाबाईंनी झडप घातली. त्या ऐकत राहिल्या, मग एकदम खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून गदागदा हलू लागल्या.

"रडतेस का? नाही मिळाला?" वासुदेवराव धावले.

"मिळाला!" श्यामलाबाईंना हसू आवरेना. "साहेबानं सगळे फोटो बघितले. दोनदा बघितले. वरच्या साहेबालाही बोलावून दाखवले."

"बघ! मी म्हणत नव्हतो? काय म्हणाला मग?"

"म्हणाला, खोटं लग्न दाखवायला येणारे लोक फोटो फार सुंदर आणतात. इतके वाईट फोटो फक्त घरचाच जावई काढतो. तेव्हा लग्न खरंच झालेलं आहे."