गार पाणी, मग मध, मग गप

आमच्या बबनआप्पांच्या सदऱ्याच्या खिशाला कायम मुंग्या असतात. चार माणसांत बोलत उभे असले, की त्यातली एखादी कॉलरपर्यंत चढून येते. आप्पा तिला दोन बोटांत अलगद धरतात, खाली सोडतात आणि बोलणं पुढं चालू ठेवतात. नवख्या माणसाचं लक्ष उडतं. आम्हा राहू गावच्या लोकांचं उडत नाही. त्या खिशात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली आहे, बाटलीत मध आहे आणि बुचाला रबर लावून कोंबडीचं एक पीस अडकवलेलं आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

मध खायला नाही. आप्पांना कैक वर्षांची शुगर आहे, ते मधाचं बोटसुद्धा चाटत नाहीत. मध लावायला आहे. कुणाला भाजलं, कापलं, खरचटलं, अगदी नवी चप्पल चावली, तरी आप्पा बाटली काढतात.

माझं गुऱ्हाळ त्यांच्या घराला लागूनच आहे. गुऱ्हाळ म्हटलं की उसाचा रस उकळणार, पाक उडणार आणि कुणी ना कुणी पोळणार. आप्पांना याहून चांगली जागा पंचक्रोशीत मिळाली नसती. सकाळी चुलवाण पेटलं की ते येऊन बाजेवर बसतात आणि वाट बघतात. कुणाचं वाईट चिंततात असं नाही. फक्त तयारीत असतात.

त्यांचा उपचार ठरलेला. “गार पाणी, मग मध, मग गप.” गावातल्या शाळेत आरोग्याचा तास घ्यायला त्यांना बोलावलं होतं, तेव्हा एवढं बोलून ते खाली बसले होते. पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. दौंडच्या आमच्या डॉक्टरीणबाईही सांगतात, की थोडं भाजलं तर आधी पाणी सोडा, आणि बारीकसारीक पोळण्याला चांगला मध चालतो. कोंबडीच्या पिसाबद्दल मात्र त्या काय म्हणाल्या ते मी आप्पांना सांगितलेलं नाही.

खरी अडचण तिसऱ्या गोष्टीची. गप म्हणजे मध वाळेपर्यंत पेशंटनं जागचं हलायचं नाही. आणि मध वाळत नाही. तोवर आप्पा बोलत राहतात. गप फक्त पेशंटनं बसायचं.

रामसजीवन हा माझा गुळव्या, म्हणजे गुळाचा पाक कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. उत्तर प्रदेशातून येतो. पहिल्याच हंगामात त्याच्या मनगटावर पाकाचा थेंब उडाला आणि तो आप्पांच्या तावडीत सापडला. पाणी झालं, मध झाला. मग आप्पांनी इनामगावच्या त्यांच्या सासऱ्यांच्या बैलजोडीची हकिकत सुरू केली. रामसजीवनला मराठी येत नव्हती, त्यामुळे आप्पा ती सावकाश सांगत होते. तिकडं चुलवाणावरच्या काहिलीत पाक तांबडा व्हायला लागला.

“चाचा, अब जाऊँ?”

“वाळलं का?”

“नहीं.”

“मग बस.”

मी लांबूनच ओरडलो, “आप्पा, सोडा त्याला! पाक करपतोय!”

“माझ्या हातात काय हाय? मधाला इचार.”

तो अख्खा घाणा काळा निघाला. तेव्हापासून माझी माणसं पोळली तरी ओरडत नाहीत. हात पाठीमागं लपवतात आणि दुसऱ्या हातानं काम चालू ठेवतात. त्यांच्या सहनशक्तीचं बाहेरचे लोक फार कौतुक करतात.

मध आप्पा स्वतः पारखून घेतात. दुकानातली बाटली त्यांना चालत नाही. “ती साखर हाय, लेबल लावल्याली.” रानातून पोळं काढणारा माणूस आला, की आधी परीक्षा. त्यांच्या मते खरा मध कुत्रं खात नाही. एकदा त्यांनी माझ्यासमोर मधाचा थेंब टाकून गुऱ्हाळावरच्या कुत्र्याला बोलावलं. कुत्र्यानं थेंब चाटला, जमीन चाटली आणि आप्पांच्या खिशाकडं बघत बसलं. आप्पांनी खूप विचार केला.

“मध खरा हाय,” ते म्हणाले. “कुत्रं बिघडलंय. गुळावर वाढल्यालं, त्याला काय कळतंय?”

सरपंचांचं प्रकरण तर तालुक्यात गाजलं. निवडून आले त्या दिवशी मिरवणुकीत फटाका त्यांच्या हाताजवळ वाजला आणि तळहात पोळला. आप्पा गर्दीतून वाट काढत पुढं. कुणाच्या तरी घागरीतलं गार पाणी, मग मध. तेवढ्यात मागून कार्यकर्त्यांनी गुलाल उधळला आणि तो सगळा मधावर बसला. सरपंच हात वर करून लोकांचे आभार मानत होते आणि हात लालभडक. विरोधी पॅनेलनं संध्याकाळपर्यंत बातमी पसरवली, की सरपंचांचा हात गेला. दौंडपर्यंत फोन झाले. आप्पांचं म्हणणं एवढंच, की सरपंच गप बसले असते तर हे झालं नसतं.

आप्पा घरी एकटेच. त्यांची बायको, आमची काकू, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शिरूरकडं कंपनीत आहे, तिकडंच फ्लॅट घेतलाय. मुलगा चांगला आहे, रविवारी न चुकता फोन करतो. आप्पा फोन कानापासून लांब धरून ओरडतात, “समदं ब्येस हाय! तू तुझी शिफ्ट सांभाळ!” आणि ठेवून देतात. एवढं बोलणारा माणूस, पण मुलाशी दोन वाक्यांच्या पुढं जात नाही.

परवा दुपारी आम्ही गुऱ्हाळाची फरशी धुऊन काढली होती. आप्पा नेहमीसारखे आले, बाहेर चप्पल काढली, चालत जाऊन बाजेवर बसले. रामसजीवन फरशीकडं बघत राहिला. दारापासून बाजेपर्यंत, एका पावलाआड एक, लाल डाग पडले होते.

“खून है,” तो म्हणाला.

आप्पांनी डाग बघितले आणि तडक खिशातून बाटली काढली. “कुणाला लागलं रं?” ते उभे राहिले, बूच उघडलं, सगळ्यांचे हातपाय बघू लागले. “लपवू नका. कुणाला लागलं?”

सगळे त्यांच्याच पायाकडं बघत होते. शेवटी मीच म्हणालो, “आप्पा, तुम्हाला.”

त्यांचा विश्वास बसला नाही. मी त्यांना खाली बसवून उजवा पाय उचलला. तळव्याला जखम होती, आजची नव्हती, कडा पांढऱ्या पडलेल्या. दारातली चप्पल आणून बघितली तर तिच्यातून खिळा वर आलेला. कितीतरी दिवस ते त्या खिळ्यावर चालत होते. शुगरनं पायाची जाणीवच गेली होती.

“मध लाव,” ते म्हणाले.

“मध नाही. दौंडला चला.”

“एवढ्याशासाठी?”

“आप्पा, पाय जाईल.”

ते कधी नव्हे ते गप झाले. मी त्यांना मोटरसायकलवर मागं बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. हाडापर्यंत गेलेलं नाही, म्हणाल्या, पण अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. किरकोळ भाजल्याला मध ठीक, शुगरच्या पायाला घरचा उपचार करायचा नाही. “आणि रोज कुणीतरी तळवे बघायला हवेत. घरी कोण असतं?”

“लय माणसं हायेत,” आप्पा म्हणाले.

मी छताकडं बघत राहिलो.

परतताना वाटेत त्यांना पाणी प्यायला थांबवलं. पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “गुडघा वाकत न्हाई रं. खाली आरसा ठिवून बघितलं, तर नजर पुरत न्हाई. तुझी काकू व्हती तवा ती बघायची. रोज रातच्याला पाय चेपता चेपता काटाकुटा काढायची. आता समद्यांचं मला दिसतंय, माझं तेवढं ऱ्हातंय.”

“मी बघत जाईन.”

“नगं. तळवा दाखवायचा असतो व्हय कुणाला?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाणा उतरल्यावर मी त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी पाय धोतरात ओढून घेतले. मी म्हटलं, “आप्पा, पाय.” ते रस्त्याकडं बघायला लागले, कुणी येतंय का म्हणून. मग मोठ्या संकोचानं त्यांनी पाय पुढं केला. मी टाच हातात घेतली आणि बघायला खाली वाकलो.

मी वाकलो तसा, सवयीनं, त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला.

“सुखी ऱ्हा,” ते पुटपुटले.

पट्टी कोरडी होती, बोटं स्वच्छ होती. बघून झालं होतं. पण डोक्यावरचा हात काही हलेना. आत टीव्ही नाही, चूल विझलेली, घरात कसलाच आवाज नव्हता. मी दुसरा पाय हातात घेतला आणि तोही बघितला, सावकाश.