साक्षगंधातली रस्सीखेच

सकाळी साडी नेसतानाच देवकाबाईंनी नवऱ्याला बजावलं, "आज मले जे काम सांगतीन ते मी करीन. काऊन, कायले, काहीच इचारणार नाई. पाहजा तुम्ही."

चैतराम मोटारसायकल पुसत म्हणाले, "मी कायले पाहू? शांतीले दाखव."

शांती म्हणजे देवकाबाईंची धाकटी भावजय. मागे एका लग्नात "आमच्या बाई तं पाहुण्यावानी बसूनच राह्यतात" असं ती भर मांडवात बोलून गेली, आणि तेव्हापासून देवकाबाईंच्या सासरचा, दवनीवाड्याचा फोन माहेरी कामठ्याला लागला नव्हता. आता शांतीचा नवरा, म्हणजे देवकाबाईंचा भाऊ उमराव स्वतः येऊन आपल्या लेकीच्या, नीतूच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, बोलावणं करून गेला होता. मुलगा आमगावचा. कार्यक्रम गोंदियाच्या नव्या क्रीडा संकुलात. आज जोडलं गेलं तर गेलं, नाहीतर माहेर कायमचं तुटलं, हे देवकाबाई ओळखून होत्या.

त्या संकुलात काय होत नसे? सकाळी बॅडमिंटन, दुपारी भाषणं, संध्याकाळी कव्वाली. कुस्तीच्या गाद्या गुंडाळल्या की त्याच जागी पंगत बसे. चैतराम गाडी लावायला मागे गेले आणि देवकाबाई समोरच्या मोठ्या दारातून थेट आत शिरल्या.

आत गाणी वाजत होती, फुगे लागले होते, बायकांची लगबग होती. एका टेबलावर पाटी होती 'कामठा', पलीकडच्या टेबलावर 'आमगाव'. मुलीकडचे इकडे, मुलाकडचे तिकडे! देवकाबाईंना ही व्यवस्था फार आवडली. त्या कामठ्याच्या टेबलाजवळ गेल्या. चेहरे काही ओळखीचे वाटेनात, पण गावात नव्या सुना किती आल्या असतील!

"तुम्ही दवनीवाड्याच्या का वो?" एका धिप्पाड बाईने विचारलं. ती पुष्पाबाई.

"हो. माहेर कामठ्याचं."

"बरं झालं बाप्पा! तुमचीच वाट पाहून राहिलो. हे घाला लवकर."

पुष्पाबाईंनी हातात नारिंगी टी-शर्ट कोंबला. 'कायले' हा शब्द देवकाबाईंच्या ओठावर आला होता, तो त्यांनी गिळला. हल्ली साक्षगंधात सगळे एका रंगाचे कपडे घालतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. त्यांनी साडीवरच टी-शर्ट चढवला.

तेवढ्यात माइकवरून भुपेंद्र नावाचा संयोजक ओरडला, "कामठा बनाम आमगाव! दोनों टीम मैदान में आओ!"

मग आला दोर.

"ओढाचं हाये?" देवकाबाईंनी दबकत विचारलं.

"मंग का पूजा कराची हाये? पाय रोवा आन् ओढा!"

वरपक्षाला ओढायचं हे त्यांच्या मनाला पटेना. पण काम ते काम. शिट्टी वाजली आणि जन्मभर धानाचे भारे वाहिलेल्या त्या हातांनी असा हिसका दिला की आमगावच्या बायका एकीवर एक अशा गादीवर पसरल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. देवकाबाई मात्र दोर टाकून पुढे धावल्या आणि सर्वांत खालच्या बाईला उठवू लागल्या.

"विहीणबाई, लागलं तं नाई ना? आमची पोरगी सभावानं लय गरीब हाये हो!"

ती बाई हात सोडवून घेऊन आपल्या टीमकडे पळाली.

पुष्पाबाईंनी देवकाबाईंना ओढून मागे आणलं. "आता फायनल हाये, गोंदियासंग."

"गोंदियाचे कोन? मामाकडचे?"

इकडे चैतराम मागच्या हॉलमध्ये बरोबर जाऊन बसले होते. शांतीबाईंनी विचारलं, "भाऊजी, बाई कोठी हायेत?" ते म्हणाले, "माह्या आंधीच आली ना!" शांतीबाई मनात म्हणाल्या, दारातूनच रुसून परत गेल्या वाटतं! जरीची साडी सावरत त्या शोधायला निघाल्या. सडक पाहिली, पाण्याची टाकी पाहिली आणि शेवटी मोठ्या दारातून डोकावल्या.

"बाई! तुम्ही काय करून राहिल्या?"

"काम!" देवकाबाई अभिमानाने म्हणाल्या. "सांगतलं ते समदं केलं. तुह्या इहिणीलेबी पाडलं!"

"अवो शांतीबाई," पुष्पाबाई मध्येच म्हणाल्या, "तुमच्या पोरीचं साक्षगंध तं मागच्या हॉलात ना? मंग आमच्या टीमची दवनीवाड्याची बाई हे नोहे का?"

देवकाबाईंनी पाटीकडे पाहिलं, मग दोराकडे. त्या घाईघाईने टी-शर्ट काढू लागल्या, तो डोक्यात अडकला. त्याच वेळी संघातली एक बाई पोटरीत गोळा आल्याने मटकन खाली बसली.

"एक कम है! टीम बाद करूं क्या?" भुपेंद्र ओरडला.

शांतीबाईंनी नणंदेकडे पाहिलं. टी-शर्टच्या आतून रडवेला आवाज येत होता, "शांते, चुकलं वो माह्यं." शांतीबाईंनी तो टी-शर्ट खाली ओढून त्यांचं तोंड बाहेर काढलं, पदराने घाम पुसला आणि स्वतःचा पदर खोचला.

"कामठ्याची टीम बाद म्हणजे काय? सरका वो बाई, मले जागा द्या!"

दोर ताणला गेला. कितीतरी वेळ तो इकडेही येईना आणि तिकडेही जाईना. "सोडू नको शांते!" "तुम्ही पाय रोवा बाई!" असं ओरडत दोघी मागे रेलल्या होत्या. अखेर गोंदियाने एकच झटका दिला आणि कामठा हरलं. शांतीबाई नणंदेच्या मांडीवर पडल्या, दोर मात्र दोघींनी सोडला नाही. गजरा सुटून देवकाबाईंच्या नाकावर आला आणि दोघी हसू लागल्या. पोट दुखेपर्यंत हसल्या.

हसता हसता शांतीबाईंनी वर पाहिलं. गॅलरीत अख्खं साक्षगंध उभं होतं. मुलीची आई हरवली म्हणून सगळे शोधत आले होते. चैतराम भज्यांची रिकामी प्लेट बगलेत धरून टाळ्या वाजवत होते. आणि सर्वांत पुढे होत्या नवऱ्या मुलाच्या आई. किडकिडीत, करारी, तोंडावर पदर.

"गेली सोयरीक," शांतीबाई पुटपुटल्या.

त्या बाई सावकाश जिना उतरल्या, आमगावच्या हरलेल्या बायकांशी दोन शब्द बोलल्या आणि इकडे आल्या. दोघींना त्यांनी नखशिखांत न्याहाळलं.

"आमच्या आमगावले कोनं पाडलं?"

देवकाबाईंनी मान खाली घालून हात वर केला. त्या हाताचा पंजा बाईंनी क्षणभर निरखला आणि मग मागे वळून मुलाला हाक मारली.

"हिमांशु, नीतूसंग नीट वागजो बाप्पा. हे लोक हरले तरी दोर सोडत नाईत."