भिंतीतला बूम

पाठक सर इंग्रजीतला 'बूम' शिकवायला लागले, की अख्खी आठवी भिंतीला तळहात लावून उभी राहायची. डोळे मिटलेले, तोंडं बंद. बाहेर दुष्काळातली, पाखरूही न बोलणारी दुपार. पहिल्यांदा दारातून ते बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जणू भिंत काही सांगणार होती आणि पोरं थांबली होती. मग गावाबाहेरच्या विहिरीत सुरुंगाचा बार उडाला. भिंत थरथरली.

"कळलं?" सर कुजबुजले. "हा बूम. बाकी सगळा नॉइज."

सोनईच्या त्या शाळेत मी नवा मास्तर. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., त्यामुळे गप्प बसणं जमायचं नाही. म्हणालो, "सर, डिक्शनरीत बूम म्हणजे खोल, घुमणारा मोठा आवाज. त्यात भिंत कुठंय?"

"डिक्शनरीला कान आहेत हो. हात कुठं आहेत?"

ताट पडलं, तो बूम नव्हे. हेडमास्तर ओरडले, तो तर मुळीच नव्हे. "त्यानं भिंत हलत नाही," हे सर हेडमास्तरांसमोरच सांगायचे.

एकदा दुपारच्या सुट्टीत त्यांनी मला घरी नेलं. घर शाळेमागंच. आत अंधार. "काकू, नमस्कार," म्हणालो, उत्तर नाही. नजर सरावली तेव्हा दिसलं, मागच्या भिंतीला तळहात आणि गाल टेकवून त्या उभ्या होत्या. हलत नव्हत्या. बार उडाला, आणि त्या अंधारातच हसल्या.

"आला!"

"टायफॉइडनं कान गेले तिचे," सर म्हणाले. "बाहेरचं एवढंच पोचतं तिच्यापाशी. सकाळपासून वाट बघते."

पुढं विहिरीला पाणी लागलं. खणणारा गडी शाळेत गूळ वाटत आला. "लई जोराचा झरा हाय, सर! आता बार बंद!"

गूळ सरांच्या हातातच राहिला. "उद्यापासूनच?"

"व्हय की! पान्यात सुरुंग लावायचा का आता?"

दुसऱ्या दिवशी सुट्टीत सरांच्या घरामागून धप्प असा आवाज आला. एकच. जाऊन बघतो तर रणरणत्या उन्हात सर मुसळ घेऊन भिंतीशी उभे, खांदा चोळत. आतून काकू मोठ्यानं म्हणाल्या,

"आज फारच जवळ उडाला हो!"

मला बघून सरांनी ओठांवर बोट ठेवलं. काकूंना ऐकू येणार नव्हतंच. आणि डिक्शनरीप्रमाणे तो काही बूम नव्हता.

मी गप्प बसलो.